न दुखणारी दुखणी

आमच्या तालुक्याच्या गावी एक निवृत्त गुरुजी राहतात. प्राथमिक शाळेत त्यांनी छत्तीस वर्षे नोकरी केली. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. अंगाने सडपातळ, कसलेही व्यसन नाही, पहाटे उठून मळ्यापर्यंत चालत जाण्याचा नेम. एकदा ते पत्नीचा गुडघा दाखवायला माझ्या दवाखान्यात आले. बाईंना तपासून झाल्यावर मी सहज म्हणालो, "गुरुजी, आलाच आहात तर तुमचाही रक्तदाब बघू या." पट्टा बांधला, तर आकडा आला १७८ वर १०४. थोडा वेळ बसवून पुन्हा पाहिला, तोच. आठवड्याने पुन्हा बोलावून पाहिला, तरी तोच.

गुरुजी म्हणाले, "पण डॉक्टर, मला तर काहीच होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, भूक लागते, झोप येते."

मी गोळी लिहून दिली. दोन महिन्यांनी रक्तदाब १३४ वर ८२ आला. गुरुजी खूष, मीही खूष. "आता चांगला आहे," असे मी म्हणालो. त्यानंतर गुरुजी आलेच नाहीत.

सव्वा वर्षाने श्रावणातल्या एका सकाळी नातवाला गणित सांगत बसले असताना त्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. उचलायला गेले तर हात वळेना. बोलायला गेले तर जीभ जड, तोंड एका बाजूला ओढलेले. घरच्यांनी जिल्ह्याच्या गावी नेले. जीव वाचला, पण उजवा हात पहिल्यासारखा झाला नाही. पुढे भेट झाली तेव्हा मी विचारले, "गुरुजी, गोळी का सोडलीत?" ते अडखळत म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, आता रक्तदाब चांगला आहे. चांगला झाला म्हणून सोडली."

मंडळी, हे उत्तर ऐकून मी खजील झालो. गुरुजींचे चुकले असे मला म्हणता येईना. मी त्यांना गोळी दिली होती, पण ती का घ्यायची आणि किती दिवस घ्यायची, हे नीट सांगितले नव्हते. ताप उतरला की औषध बंद, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. रक्तदाबाचे तसे नाही. गोळीमुळे आकडा खाली आला होता, गोळी थांबली तसा तो पुन्हा वर गेला. आणि वर गेला हे गुरुजींना कळले नाही, कारण हे दुखणे दुखत नाही. जे मी त्या दिवशी सांगायला हवे होते, ते आज आपणा सर्वांना सांगतो आहे.

उच्च रक्तदाब आणि मधुमेह ही दोन्ही दुखणी अशीच, मुकी. काटा रुतला तर पाय ओरडतो, दाढ किडली तर रात्र जागवते. ही दोन मात्र वर्षानुवर्षे आत काम करीत राहतात आणि माणूस म्हणतो, "मला काही झालेलं नाही." म्हणून पहिली गोष्ट मनाशी धरा. या दोन दुखण्यांत कसे वाटते यावर जायचे नाही, आकड्यावर जायचे.

आता रक्तदाब म्हणजे काय ते पाहू. विहिरीवरच्या मोटरने पाइपातून पाणी ढकलावे, तसे हृदय रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलते. हृदय आवळते तेव्हा दाब जास्त असतो, तो वरचा आकडा. हृदय सैल पडते तेव्हा दाब कमी होतो, तो खालचा आकडा. १२० वर ८० च्या आत असेल तर उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४० वर ९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर तो उच्च रक्तदाब. पाइपात सतत जास्त दाब राहिला तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. कुठे सांधा निखळतो, कुठे पाइप फुटतो, मोटरही थकते. शरीरात तसेच होते. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली किंवा तुंबली की अर्धांग होते, त्यालाच आपण लकवा म्हणतो. हृदय थकते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, नजर जाते.

"वय झालं की रक्तदाब वाढायचाच, वयात शंभर मिळवा, तितका चालतो," असा एक जुना हिशेब गावोगाव ऐकू येतो. तो चुकीचा आहे. वयाबरोबर रक्तदाब वाढतो हे खरे, पण म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. उलट म्हातारपणी अर्धांगाचा धोका अधिक.

मधुमेहाचे असे आहे. आपण भाकरी खातो, भात खातो, त्याची पोटात साखर होते आणि ती रक्तात उतरते. रक्तातून ती शरीराच्या पेशींत जायला हवी. तिथले दार उघडण्याची किल्ली म्हणजे इन्शुलिन. पोटात स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी आहे, तिथे ते तयार होते. उतारवयात आढळणाऱ्या मधुमेहात बहुधा ही किल्ली कुलपाला नीट लागत नाही आणि पुढे पुढे किल्ल्याही कमी पडतात. साखर रक्तातच साचते. रात्रभर काही न खाता सकाळी तपासलेली साखर १२६ किंवा जास्त, किंवा साखरेचे पाणी पाजून दोन तासांनी तपासलेली २०० किंवा जास्त आली, आणि पुन्हा तपासून तसेच निघाले, की मधुमेह ठरतो. उपाशीपोटी १०० ते १२५ असेल तर दुखणे उंबरठ्यावर आहे, अजून परतवता येते.

ही दोन दुखणी पुष्कळदा जोडीने येतात, आणि दोन्हींचा मारा एकाच ठिकाणी, रक्तवाहिन्यांवर. पण यातच एक आशेची गोष्टही आहे. इंग्लंडमध्ये मधुमेहाच्या रोग्यांची अनेक वर्षे पाहणी करून त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचा रक्तदाब नीट ताब्यात ठेवला होता, त्यांच्यात अर्धांगाचे प्रमाण इतरांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी आढळले. आणि दोन्ही गटांच्या रक्तदाबात अंतर किती होते? वरच्या आकड्यात सरासरी दहाचे. दहाच्या अंतराने इतका फरक पडतो. गुरुजींच्या आकड्यात तर चव्वेचाळीसचे अंतर पडले होते.

आपल्या देशात हे दुखणे शहरी श्रीमंतांचे राहिलेले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात वीस वर्षांवरील दर शंभर माणसांत अकरांहून अधिक मधुमेही निघाले, आणि दर शंभरांत पस्तीसांना उच्च रक्तदाब. म्हणजे आपल्या गावच्या पारावर दहा जण बसले असतील, तर त्यांतल्या तिघा-चौघांकडे हे मुके दुखणे असू शकते. यातल्या पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो.

एक काळ असा होता की ते कळूनही उपयोग नसे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब फार वाढलेला होता. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असूनही त्यांच्याजवळ चांगले औषध नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते वारले. पुढे चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनी आपल्याकडच्या सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे रोग्यांवरील अनुभवांसह जगापुढे मांडले. १९५७ साली त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. मधुमेहाचेही तसेच. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडात टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मरणाच्या दारातल्या मुलाला इन्शुलिन टोचले गेले आणि तो वाचला. त्यापूर्वी अशी मुले हमखास जात. आज सर्पगंधेहून पुष्कळ चांगली आणि निर्धोक औषधे आली आहेत, तेव्हा मुळी आणून उगाळून घेऊ नका. पण ज्या औषधासाठी एका राष्ट्राध्यक्षाचे डॉक्टर हतबल झाले, त्याहून चांगले औषध आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी कार्यक्रमातून मिळते. तिथे रक्तदाब आणि साखर तपासण्याचीही सोय आहे. गावात आशाताई येतात, त्यांना विचारा. तीस वर्षांवरील प्रत्येकाने तपासून घ्यावे असा तो कार्यक्रम आहे.

आता डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटे तुम्हाला पाहणार. बाकीचा सगळा महिना तुमच्या हाती. तेव्हा घरी काय करायचे ते एकेक सांगतो.

पहिले काम वहीचे. चार आण्याची का होईना, एक वही घाला. आता चार आण्यांत वही मिळत नाही हे खरे, पण नातवाची उरलेली वही चालेल. तीत तारीख, रक्तदाब, साखर आणि घेतलेल्या गोळ्या लिहा. लिहिता येत नसेल तर नातीला सांगा, तिला तो मान वाटेल. दवाखान्यात जाताना वही आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे बरोबर न्या. "ती पांढरी गोळी" असे सांगून डॉक्टरला काही कळत नाही. पांढऱ्या गोळ्या शेकडो आहेत.

रक्तदाब मोजण्याचीही रीत आहे. बसने धक्के खात आलात, जिना चढलात आणि लगेच पट्टा बांधला, तर आकडा खोटा येतो. आधी लघवीला जाऊन या. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर हवा, सदऱ्यावर नको. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. मोजताना बोलायचे नाही. एका मिनिटाने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. घरी यंत्र घ्यायचे असेल तर दंडाला पट्टा बांधायचे घ्या. एखाद्या दिवशी आकडा वर गेला म्हणून घाबरू नका, आणि एखाद्या दिवशी चांगला आला म्हणून गोळी सोडू नका. आठवड्याचे आकडे मिळून खरी गोष्ट सांगतात.

दुसरे काम गोळीचे. ती रोज, ठरल्या वेळी. दात घासणे, देवपूजा, सकाळचा चहा, अशा एखाद्या न चुकणाऱ्या कामाला ती बांधून टाका, म्हणजे विसरणार नाही. विसरलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. संपायच्या आधी आठ दिवस नव्या आणा. शेजारणीला लागू पडली म्हणून तिची गोळी घेऊ नका, आणि आपली तिला देऊ नका. गोळीने खोकला येतो, पायाला सूज येते, उभे राहिल्यावर अंधारी येते, असे काही झाले तर डॉक्टरला सांगा. तो दुसरी देईल. मनाने बंद करणे हाच खरा घात. अंथरुणातून एकदम उठू नका. आधी बसा, थोडे थांबा, मग उभे राहा. म्हातारपणी पडून मांडीचे हाड मोडणे हेही लहान दुखणे नव्हे.

आणखी एक सावधगिरी. गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी बाजारात दुकानातून गोळ्या आणायची आपल्याकडे सवय आहे. त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांना इजा होते. काही पुड्यांत आणि इंजेक्शनांत स्टिरॉइड असते, त्याने साखर भडकते. गुडघा दुखत असेल तर तसे आपल्या डॉक्टरलाच सांगा.

इन्शुलिन चालू असेल आणि घरात फ्रीज नसेल, तर बाटली एका लहान मडक्यात ठेवून ते मडके पाणी असलेल्या मोठ्या पसरट भांड्यात सावलीला ठेवा. मात्र बाटलीत पाणी जाता कामा नये. चुलीजवळ, पत्र्याखाली, उन्हात ती ठेवू नका.

तिसरे काम मिठाचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे एक लहान चमचा, आणि त्यात सगळे आले. आता घरचा हिशेब करू. पाच माणसांच्या घराला दिवसाला पंचवीस ग्रॅम, महिन्याला पाऊण किलो. तुमच्या घरी महिन्याला मिठाच्या किती पिशव्या लागतात ते गृहिणीला विचारा. किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर मीठ जास्त झाले. शिवाय लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या, सुकी मासळी, फरसाण यांतून येते ते वेगळेच. ठेचा सोडा असे मी म्हणत नाही. ठेच्यातले मीठ निम्मे करा आणि लिंबू पिळा. ताटात वरून मीठ वाढायची पद्धत बंद करा. एकदम कमी केले तर जेवण अळणी लागते, दर आठवड्याला थोडे थोडे कमी केले तर महिन्या-दोन महिन्यांत जिभेला सवय होते. सैंधव घेतले म्हणजे चालते, हाही गैरसमज, तेही मीठच.

चौथे, साखर आणि भाकरी. चहात दोन चमचे साखर, दिवसाला चार कप. नुसत्या चहातून एका माणसाच्या पोटात महिन्याला सुमारे एक किलो साखर जाते. ती आधी कमी करा. "मी साखर सोडली, गुळाचा चहा घेतो," असे पुष्कळ जण अभिमानाने सांगतात. गूळ आपला, उसाचा, हे सगळे खरे. पण रक्तात गेल्यावर गुळाची आणि मधाचीही साखरच होते. दुसरा समज ज्वारीच्या भाकरीचा. पांढऱ्या भातापेक्षा भाकरी बरी, यात वाद नाही. पण भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असे नाही. ताट असे वाढा: निम्म्या ताटात पालेभाजी, फळभाजी, कोशिंबीर, पाव ताटात डाळ, उसळ, अंडे किंवा मासा, आणि उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. बटाटा भाजीत धरू नका, तो भाकरीच्या बाजूचा. आणि वेळेवर जेवा. म्हाताऱ्या माणसाने साखरेच्या धास्तीने पोट मारू नये. अंगातले मांस झडले तर चालणे-उठणेच कठीण होते.

पाचवे, चालणे. आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. "शेतात काम करतो, मला चालायला कशाला हवे?" असे विचारणारे भेटतात. जो खरोखर काम करतो त्याला वेगळे चालायला नको. पण बांधावर बसून देखरेख करणे हे काम धरू नका. ज्यांचे गुडघे धरतात त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करावी, जमेल तशी. तंबाखू, विडी, मशेरी मात्र पूर्ण बंद. या दोन दुखण्यांत तंबाखू म्हणजे आगीत तेल.

सहावे काम पायांचे, आणि ते मधुमेह्यांनी कान देऊन ऐकावे. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना जाते. काटा रुतला, चप्पल चावली, निखारा लागला, तरी कळत नाही. जखम चिघळते आणि पुष्कळदा बोट किंवा पाऊल कापावे लागते. आमच्याकडे एक आजी येतात, रोजंदारीने खुरपणीला जाणाऱ्या. मधुमेह बारा वर्षांचा. त्या रोज रात्री दिव्याखाली बसून पाय धुतात, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतात आणि सुनेला तळवे बघायला सांगतात. एकदा सुनेला टाचेजवळ बाभळीचा काटा दिसला. आजींना त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्या दवाखान्यात आल्या, जखम आठ दिवसांत भरली. त्याच महिन्यात दुसऱ्या एका गृहस्थाची दोन बोटे काढावी लागली, त्यांनी महिनाभर पाय पाहिलाच नव्हता. कुणाला तळवे बघायला सांगता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहा. अनवाणी चालू नका, घरातही नको. कुरूप पात्याने कापू नका. थंडीत शेकोटीला पाय लावू नका. पाण्याची ऊब पायाने न पाहता कोपराने पाहा.

सातवे, साखर खाली जाण्याचे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन घेऊन जेवण चुकले तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, छाती धडधडते, माणूस भांबावतो, कधी चिडतो. घरच्यांना वाटते, म्हातारपणाचा हट्टीपणा. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटे वाट पाहा. बरे न वाटल्यास पुन्हा द्या, आणि मग काहीतरी खायला घाला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, कुशीवर वळवून १०८ ला फोन करा. खिशात चार खडे साखरेचे असू द्यावेत. उपासाच्या दिवशी हा धोका मोठा. उपास करू नका असे मी सांगत नाही. पण एकादशीच्या आधी डॉक्टरला विचारा, त्या दिवशी कोणती गोळी कमी करायची. आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी साखर वाढवते, हेही ध्यानात असू द्या. वारीला जाणाऱ्यांनी पुरेशा गोळ्या, वही आणि पायात बसतील अशी जुनी, सरावाची पादत्राणे घ्यावीत. नवी कोरी वहाण वाटेत घालू नये.

वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिने आणि रक्तातून मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. डोळ्यांत आणि मूत्रपिंडांत बिघाड सुरू होतो तोही न दुखता. आकडा कुठवर आणायचा, हे प्रत्येकाचे वेगळे. बहुतेकांचा रक्तदाब १४० वर ९० च्या आत हवा, कुणाला डॉक्टर १३० वर ८० सांगतील. उपाशीपोटीची साखर साधारण ८० ते १३०. पण फार थकलेल्या, अनेक व्याधींच्या वृद्धांना थोडी सैल सोडणेच हिताचे, कारण त्यांना साखर उतरण्याची भीती अधिक. म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी स्पर्धा करू नका. आपला आकडा डॉक्टरला विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने, पोराबाळांनीसुद्धा पाठ करावी. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, यांतले एक जरी एकाएकी झाले तरी ते अर्धांग समजा. तेल चोळत, अंगारा लावत बसू नका. झटका सुरू झाल्याची वेळ लिहा आणि लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गाठ विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. गुरुजींच्या घरी आधी दोन तास मालीश चालले होते. ते दोन तास परत मिळाले असते तर, असे मला अजून वाटते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. मिठाचा आणि साखरेचा जो हिशेब मी सांगितला, तो चौथी-पाचवीच्या मुलांना वर्गात घालून पाहा. मुले घरी जाऊन आईला विचारतील, आणि घरात बोलणे निघेल. १४ नोव्हेंबरला आपण बालदिन करतो. तोच जागतिक मधुमेह दिनही आहे, कारण इन्शुलिन शोधणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. त्या दिवशी शाळेत आजी-आजोबांना बोलवा, आरोग्य सेविकेला बोलवा, सर्वांचे रक्तदाब मोजा. आकडे मुलांनीच वहीत लिहावेत.

आमचे गुरुजी आता हेच करतात. दर गुरुवारी ते शाळेच्या ओट्यावर येऊन बसतात. उपकेंद्रातली ताई म्हाताऱ्यांचे रक्तदाब मोजते आणि गुरुजी ते डाव्या हाताने वहीत उतरवतात. अक्षर पूर्वीचे राहिले नाही, सावकाश होते, पण आकडा चुकत नाही. कुणी म्हणाले, "गुरुजी, आता मला बरं वाटतंय, गोळी सोडू का?" तर ते उजवा हात पुढे करून दाखवतात आणि म्हणतात, "मलाही बरंच वाटत होतं."

श्रोतेहो, येत्या आठवड्यात एवढे एकच करा. घरात तिशीच्या वरची जी माणसे असतील, त्यांचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, आणि आकडा तारखेसह वहीत लिहा. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी आजची घेतली की नाही, ते आताच उठून पाहा.